रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल परत परत मिसिंग मारते: प्लग, गॅप आणि कॉइलचा छडा

लक्षण आधी सांगतो, तुमच्या गाडीशी जुळत असेल तर पुढे वाचा. गाडी टर्बो पेट्रोल, स्टेज १ चा मॅप मारलेला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सेटिंग बदलून पॉवर वाढवलेली. आयडल गुळगुळीत, सिग्नलला काही नाही, हायवेला ८०-१०० ला आरामात चालते. पण तिसऱ्या-चौथ्या गिअरला अडीच-तीन हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की बूस्ट (टर्बो दाबून भरतो त्या हवेचं प्रेशर) भरतो आणि त्याच्या जोडीला झटके, चेक लाइट ब्लिंक मारायला लागते, पाय काढला की सगळं परत नॉर्मल. गॅरेजला नेली, मेकॅनिक म्हणाला मिसिंग आहे (म्हणजे मिसफायर, सिलिंडरमधलं मिश्रण मधेच न पेटणं), प्लग बदलले, गाडी पळायला लागली. काही आठवडे मजेत जातात आणि मग कुठल्यातरी घाटात ओव्हरटेक करताना परत तेच. परत प्लग, यावेळी महागातले इरिडियम. परत बरी, परत तेच. असं दोन-तीनदा झालं की माणूस एकतर प्लगच्या ब्रँडला शिव्या घालतो नाहीतर मॅपवाल्याला, आणि बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो.

लाइट ब्लिंक होत असताना "बघू अजून किती वेळ करते" म्हणून पाय दाबून ठेवू नका. लाइट नुसती लागून राहिली तर कोड साठवलाय एवढंच, ब्लिंक म्हणजे आत्ता या क्षणी इतकं मिसफायर होतंय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर आतून वितळला की त्याची किंमत ऐकल्यावर प्लगचा खर्च आठवणारही नाही.

तर मूळ मुद्दा. नवीन प्लगने गाडी बरी होते म्हणजे जुना प्लग खराब होता, असा सरळ हिशोब सगळे लावतात. तो अर्धाच खरा आहे. प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, गॅप (त्या टोकांमधलं अंतर) किती आणि त्या क्षणी सिलिंडरमधे प्रेशर किती. गॅप वाढला की व्होल्टेज जास्त लागतं, प्रेशर वाढलं की जास्त लागतं. मॅप मारल्यावर बूस्ट वाढतो, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळचं प्रेशर वाढतं, म्हणजे तोच गॅप ओलांडायला कॉइलला (प्लगला हाय व्होल्टेज देणारा भाग) आधीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. कॉइल मात्र तीच कंपनीची, तिची ताकद ठरलेली. स्टॉक गाडीत मागणी आणि पुरवठा यात जी ऐसपैस जागा होती ती मॅपने खाल्ली.

आता नवाकोरा प्लग घाला. त्याच्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात आणि धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते. गॅप पण छापल्याप्रमाणे. म्हणून गाडी बरी. हळूहळू कडा गोल होतात, गॅप काही पॉइंटने वाढतो, मागणी थोडी वर सरकते आणि कॉइलच्या मर्यादेला जाऊन टेकते. स्टॉक गाडीत हाच प्लग अजून निम्मं आयुष्य काढतो, तुमच्याकडे मात्र "खराब" ठरतो. म्हणजे दर वेळी तुम्ही नवीन प्लग घेऊन थोडीशी उधारीची जागा विकत घेताय, दुखणं जागच्या जागी.

आणि झटके बरोब्बर अडीच ते चार हजारातच का, रेडलाइनला का नाहीत? कारण सिलिंडर सगळ्यात ठासून भरतो तो टॉर्कच्या शिखरावर. पोलो जीटीच्या १.२ टीएसआयचं बघा, १७५ एनएम हा १५५० पासून ४१०० पर्यंत सपाट आहे, छोट्या टर्बो गाड्यांचं सगळ्यांचं साधारण असंच, आणि मॅपवाला याच पट्ट्यात सर्वात जास्त टॉर्क ओततो. पुढे पाच-सहा हजाराला छोटा टर्बो दमतो, बूस्ट खाली येतो, प्रेशर उतरतं, म्हणून तिथे मिसिंग गायब होतं. हे लक्षण फार कामाचं आहे. झटके आरपीएमबरोबर वाढत जाऊन शेवटी शेवटी सर्वात वाईट होत असतील तर आधी पेट्रोलच्या बाजूला बघा, पंप, फिल्टर, रेल प्रेशर (इंजेक्टरच्या पाइपातलं पेट्रोलचं प्रेशर), इंजेक्टर. टॉर्कच्या शिखरावर येऊन नंतर जात असतील तर नव्वद टक्के स्पार्क. एकदम भिंतीला धडकल्यासारखी ताकद कापली गेली आणि कोड पी०२३४ आला तर तो ओव्हरबूस्ट कट आहे, प्लगला हात लावायचं कारण नाही. आणि डीएसजीवाल्यांनी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांनी) एक बघा, झटक्याच्या वेळी आरपीएमचा काटा गाडीच्या स्पीडपेक्षा पुढे पळत असेल तर क्लच घसरतोय, ते वेगळंच प्रकरण.

तपासणी, फुकटातल्या गोष्टी आधी

स्कॅनर लावा. गाडीच्या निदान सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल असला तरी कोड वाचता येतात. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरचं मिसफायर, पी०३०० म्हणजे विखुरलेलं. एकाच सिलिंडरवर बोट असेल तर काम सोपं: समजा पी०३०२ आहे, दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावा, तीनची दोनला, कोड पुसा आणि तोच रस्ता तोच गिअर परत मारा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, विषय संपला. दोनलाच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. प्लगबरोबर फिरला तर प्लग, तरीही दोनलाच चिकटून बसला तर इंजेक्टर, वायरिंग, कम्प्रेशन या क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट हलवा, कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर काय कळणार.

पी०३०० असेल आणि सगळेच सिलिंडर थोडे थोडे मिस करत असतील तर वर सांगितलेल्या व्होल्टेजच्या गणिताचा संशय पक्का होतो, कारण चारही कॉइल एकदम जात नाहीत पण चारही प्लगचा गॅप एकदम जास्त असू शकतो. दुकानातून आणलेला प्लग खोक्यातून काढून तसाच लावायची आपल्याकडे पद्धत आहे, मेकॅनिक म्हणतो "प्रीगॅप्ड येतो साहेब". येतो, पण कुठल्या गाडीसाठी? एनजीके या प्लग कंपनीच्या नंबरच्या शेवटी जो आकडा असतो तो गॅप. शेवटी ११ असेल तर १.१ मिलिमीटर, ८ असेल तर ०.८. बीकेआर६ई-११ हा प्लग १.१ गॅपचा, टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला ठीक, तो वाढीव बूस्टच्या गाडीत गेला तर मिसिंग ठरलेलं. दुकानदार "बसतो की हा" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आटे जुळतात इतकाच.

निदानाची माझी सर्वात आवडती टेस्ट हीच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. जे प्लग आत आहेत तेच काढा, गॅप मोजून लिहून ठेवा, आणि ०.६ ते ०.६५ वर आणून परत लावा. तोच रस्ता. मिसिंग गेलं तर स्पार्कची जागा कमी पडत होती हे सिद्ध झालं, एक नवा पैसा न घालवता. काहीच फरक पडला नाही तर मग प्लगच्या दुकानात जाऊच नका, पेट्रोल नाहीतर हवा बघा.

गॅप करताना मात्र जपून. नाण्यासारखं गोल गेज येतं ना, ज्याची कड प्लगमधे सरकवत नेतात, ते इरिडियमला अजिबात वापरू नका. इरिडियमचं मधलं टोक ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं, डेन्सोच्या इरिडियम पॉवरमधे तर ०.४, आणि तो धातू कडक पण ठिसूळ, बाजूने जोर पडला की टोक मोडतं किंवा भोवतालच्या सिरॅमिकला चीर जाते आणि ती चीर डोळ्याला दिसत पण नाही. बाहेरची बाजूची पट्टी तेवढी हलवायची, मधल्या टोकाला टेकवून उचकटायचं नाही, आणि मोजायला तारेचं फीलर गेज. मूळ गॅपपासून ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकवायची वेळ येत असेल तर प्लगच चुकीचा घेतलाय.

किती कमी करायचं यालाही तळ आहे. ०.५ च्या खाली गेलात की ठिणगी इतकी आखूड होते की आयडलला मिश्रण नीट पेटत नाही, सिग्नलला गाडी थरथरते, सकाळी स्टार्टिंगला त्रास. स्टेज १ ला ०.७ ते ०.६५, त्यापुढच्या सेटअपला ०.६ च्या आसपास, मिसिंग थांबतंय तेवढाच कमी करा, उगाच अजून नाही.

प्लग बाहेर काढलाच आहे तर नीट बघा

टोकाकडे सगळे बघतात, वरच्या पांढऱ्या सिरॅमिककडे कोणी बघत नाही, आणि परत परत येणाऱ्या मिसिंगचं सर्वात जास्त हुकणारं कारण तिथेच असतं. सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न जाता बाहेरून प्लगच्या लोखंडी अंगाला जातेय. याला कार्बन ट्रॅकिंग म्हणतात. आता गंमत बघा, रेघ प्लगवर आहे तशीच समोर कॉइलच्या रबरी बुटाच्या आतल्या बाजूलाही असते. मेकॅनिक प्लग बदलतो, बूट तोच ठेवतो. बुटावरची रेघ म्हणजे विजेला तयार पायवाट, ती नव्या प्लगवर थोड्याच दिवसात जोडीदार रेघ पाडते आणि मिसिंग परत हजर. "तीनदा प्लग बदलले तरी जात नाही" वाल्यांपैकी किती जण या बुटापाशी अडकलेत देव जाणे. बहुतेक गाड्यांना बूट सुटा मिळतो, कॉइल पूर्ण घ्यावी लागत नाही. बसवताना बुटात आतून कणभर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

सिरॅमिक जिथे लोखंडात शिरतं तिथे तपकिरी कडं दिसतं, ते बघून "गॅस लीक होतोय" म्हणून प्लग फेकायला लावणारे पण भेटतात. ते कोरोनाचा डाग असतो, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही.

प्लगच्या खोलीत, म्हणजे जिथे कॉइल उतरते त्या विहिरीत, टॉर्च मारा. तेल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, मग परत तेच ट्रॅकिंग. आधी सील, मग बूट, शेवटी प्लग, हा क्रम उलटा केलात तर पैसे दोनदा जातील. आणि पाणी दिसलं तर सर्व्हिसिंगच्या वेळी बोनेट उघडून प्रेशर वॉशर मारून घेतलाय का आठवा. पावसाळ्याच्या तोंडावर "इंजिन चकाचक करून द्या" सांगणारे आपण आणि मग आठवडाभर मिसिंग शोधणारेही आपणच.

टोकाचा रंग वाचायचा असेल तर एक लक्षात घ्या, दहा मिनिटं ट्रॅफिकमधे रांगत येऊन प्लग काढला तर काजळीच दिसणार, त्याला अर्थ नाही. हलका तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग गरजेपेक्षा थंड (याचा अर्थ पुढे सांगतो). तेलकट ओला काळा म्हणजे रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील, तिथे प्लग काही करू शकत नाही. पांढरा फटक आणि वर बारीक फोड म्हणजे लीन (पेट्रोल कमी) किंवा जास्त गरम. पांढऱ्या सिरॅमिकवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक गोळे दिसले तर गाडी तिथेच उभी करा, ते नॉकिंग (मिश्रणाचा काही भाग आपोआप धडाक्याने पेटणं) आहे आणि चमकणारे गोळे हे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम. तशा वेळी गॅपची चर्चा नको, मॅप स्टॉक करा आणि मग शोधा. पेट्रोलमधे इथेनॉल वाढल्यापासून प्लग तसेही फिकट दिसतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातला कॉफी कलर शोधत बसू नका.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोची जास्तीची हवा सोडणारा) हवेत सोडलेल्यांसाठी एक वाक्य, म्हणजे ज्यांना तो फुस्स आवाज आवडतो ते. गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असेल तर तुम्ही जी हवा बाहेर फुस्स करता ती ईसीयूने आधीच मोजलेली असते आणि तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकलेलं असतं, दर गिअर शिफ्टला मिश्रण क्षणभर रिच होतं आणि सिटीत दिवसभर असं केलं की प्लग काळे. मॅप सेन्सरवर (हा मॅप वेगळा, मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर मोजणारा सेन्सर) चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास होत नाही.

लॉग वाचताना फसायची जागा

स्वतः ट्यून करणारे लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढतात आणि मिसफायरच्या जागी लॅम्ब्डा लीन दिसला की पेट्रोल वाढवतात. थांबा. लॅम्ब्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो आणि सेन्सर म्हणतो लीन. प्रत्यक्षात मिश्रण बरोबर असतं, कदाचित रिचच. तुम्ही अजून पेट्रोल ओतता, प्लग अजून भिजतो, मिसिंग वाढतं, लॉग अजून लीन दाखवतो. म्हणून लॅम्ब्डाचा ग्राफ एकटा बघू नका, त्याच्याखाली सिलिंडरवार मिसफायर काउंटर लावा. आधी काउंटर चढला आणि मग लीनची उडी आली तर स्पार्क. आधी लॅम्ब्डा हळूहळू लीनकडे सरकला, सोबत रेल प्रेशर पडलं आणि मग मिसफायर, तर पेट्रोल.

लॉगमधे टायमिंग करेक्शन (ईसीयूने ठिणगीची वेळ किती हलवली ते) पण घ्या, आणि इथे एक गंमतीशीर साखळी आहे जी फार कोणी सांगत नाही. मॅप ९५ ऑक्टेनवर सेट केलेला, तुम्ही कधीतरी मिळेल तिथे साधं भरलं. नॉक सेन्सरने खडखड ऐकली, ईसीयूने टायमिंग मागे ओढलं. टायमिंग मागे म्हणजे ठिणगी पिस्टन अजून वर आल्यावर पडते, म्हणजे जास्त दाबलेल्या हवेत, म्हणजे व्होल्टेज जास्त लागतं. कॉइल आधीच काठावर होती, आता ती काठावरून खाली. "पेट्रोल पंप बदलला की गाडी मिस मारते" हे अंधश्रद्धा वाटतं पण रिमॅप केलेल्या गाडीत ते खरं निघू शकतं. एक्सपी९५ वर (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेन पेट्रोल) ट्यून केली असेल तर त्यावरच ठेवा, आणि ट्यून तपासायच्या दिवशी तरी दोन पंपांचं पेट्रोल मिसळू नका.

इथेनॉलचंही तसंच. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन. २०१८-१९ ला मारलेला मॅप असेल तर तेव्हा पेट्रोलमधे इथेनॉल आजच्यापेक्षा बरंच कमी होतं. क्रूझिंगला ईसीयू ट्रिम (पेट्रोलची आपोआप होणारी कमी-जास्त) वाढवून सांभाळून घेतो, पण जुन्या पद्धतीच्या नॅरोबँड (रिच की लीन एवढंच सांगणाऱ्या) सेन्सरवाल्या गाडीत फुल थ्रॉटलला तो आंधळा असतो, मॅपमधे लिहिलंय तेवढंच टाकतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम सतत +८, +१० दाखवत असेल आणि पी०१७१ (मिश्रण लीन असल्याचा कोड) डोकावत असेल तर आधी स्मोक टेस्ट करून हवेची गळती नाही ना बघा, सिलिकॉन होसचे क्लॅम्प ढिले होणं फार कॉमन आहे, आणि गळती नसेल तर मॅप आजच्या पेट्रोलवर नव्याने करून घ्या. लीन मिश्रणाला ठिणगीही जास्त व्होल्टेजची लागते, म्हणजे परत त्याच खात्यात खर्च.

बॅटरीचं व्होल्टेज पण बघून घ्या. चालू गाडीत १३.८ ते १४.४ च्या मधे पाहिजे. इंजिनची अर्थिंग पट्टी गंजली असेल तर कॉइलला पूर्ण करंटच मिळत नाही, आणि ट्यूनमधे डवेल (कॉइल चार्ज व्हायचा वेळ) वाढवून ते झाकायचा प्रयत्न केला तर कॉइल तापून जाते. समुद्राजवळच्या गाड्यांनी, रत्नागिरी-मालवण-गोवा पट्ट्यातल्यांनी, हे पहिल्या दिवशीच तपासावं.

मग प्लग कुठला घ्यायचा

आधी हीट रेंज, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे. प्लग "गरम" किंवा "थंड" म्हणजे ठिणगी गरम-थंड नाही, प्लगचं टोक आपली उष्णता हेडला किती पटकन देऊन टाकतं ते. टोक साधारण ५०० अंशाच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते, ८०० च्या पुढे गेलं तर ते स्वतःच निखारा होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं, यालाच प्रीइग्निशन म्हणतात. या दोन्हीच्या मधे ठेवायचं. एक नंबर बदलला की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी हलतं.

एनजीके आणि डेन्सोमधे आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमधे उलटं, आकडा लहान म्हणजे थंड. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४, ९ म्हणजे २७. ब्रँड बदलताना हे डोक्यात ठेवलं नाही तर थंड समजून गरम प्लग घरी येतो, आणि मॅप मारलेल्या गाडीत गरम प्लग म्हणजे पिस्टनशी खेळ.

किती थंड घ्यायचा? दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीला एक नंबर थंड, असा नियम सगळीकडे फिरतो, एनजीकेच तो सांगते. पण त्यात सिलिंडर किती हे येत नाही. आठ सिलिंडरला ८० घोडे वाढले तर प्रत्येकाला दहा, आणि आपल्या चार सिलिंडरला ४० वाढले तरी प्रत्येकाला दहाच. त्यामुळे आकडा शब्दशः धरून "माझे तर ३५च वाढले, मला काय गरज" म्हणणं पटत नाही मला, आणि डोळे झाकून दोन नंबर थंड टाकणंही नाही. रोज ऑफिस, ट्रॅफिक, महिन्यातून एखादा घाट असेल तर स्टेज १ ला कंपनीचीच हीट रेंज ठेवा आणि गॅप कमी करा. ट्रॅक डे, रोजचा खंबाटकी-कात्रज, किंवा विदर्भातला मे महिना आणि त्यात लांब पल्ल्याचं जोरात चालवणं असेल, मोठा डाउनपाइप (टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट पाइप) वगैरे पुढचं काम केलेलं असेल, तर एक नंबर थंड. कंपनीने आधीच थंड प्लग दिला असेल, म्हणजे एनजीकेच्या हिशोबात ९ वगैरे, तर अजून खाली जायचं कारण स्टेज १ ला मला तरी दिसत नाही. कंपनीने दिलेल्या प्लगचा नंबर ठरवताना लोकांनी काही विचार केलेला असतो, तो आधी वाचा.

थंड प्लगची एक बाजू सांगितली जात नाही. टोक थंड असलं की ठिणगी सुटायला व्होल्टेज थोडं जास्तच लागतं, त्यामुळे मिसिंगवर उपाय म्हणून थंड प्लग टाकला आणि मिसिंग वाढलं, असं होऊ शकतं. थंड प्लग हा नॉकिंग आणि प्रीइग्निशनवरचा उपाय आहे. मिसिंगचा उपाय गॅप आणि कॉइल. ही दोन दुखणी वेगळी ठेवलीत तर निम्मा गोंधळ मिटतो.

धातूचं म्हणाल तर साधे निकेलचे, ज्यांना सगळे कॉपर म्हणतात (तांबं आत असतं, टोक निकेलचंच), ते स्वस्त, गॅप करायला सोपे, आणि जुन्या १.८ टर्बो वाल्यांमधे बीकेआर७ई आजही लाडका आहे. पण वाढीव बूस्टवर ते लवकर झिजतात, दहा-बारा हजार किलोमीटरला काढून बघावेच लागतात. इरिडियमचा वितळबिंदू २४०० अंशांच्या वर, निकेलचा साधारण १४५५, त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं आणि बारीक टोकाला व्होल्टेज कमी लागतं. म्हणजे आपल्या खात्यात इरिडियम जमेच्या बाजूला आहे, त्याने पॉवर वाढत नाही हे पण तितकंच खरं. हाताने सतत ट्यून बदलत असाल, प्लग दर आठवड्याला बाहेर येत असेल तर निकेल वापरा, ट्यून पक्का झाला की इरिडियम टाका, हे मला व्यवहाराचं वाटतं.

नंबरात आर असला पाहिजे, म्हणजे रेझिस्टर. तो नसेल तर इलेक्ट्रिकल गोंगाट होतो आणि सेन्सरचे सिग्नल बिघडतात. आट्याची लांबी तंतोतंत तीच, १९ च्या जागी २६.५ मिलिमीटरचा प्लग "बसला" तर पिस्टन त्याच्यावर आपटेल. आणि इरिडियम अर्ध्या किमतीला ऑनलाइन दिसला तर तो इरिडियम नाहीये. नकली प्लगवरचं छापील काम सुंदर असतं, पण मधलं टोक बघा, जाड किंवा वाकडं वेल्डिंग, वॉशर गळून पडणारं, चारही प्लगचे गॅप चार तऱ्हेचे. बिलासकट घ्या, पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर कंपनीच्या काउंटरला, पण बिल पाहिजे.

बसवायचं इंजिन थंड असताना. आधी हाताने फिरवा, अडकला तर उलटा काढून परत, पाना लावून जबरदस्ती नाही, हेड ॲल्युमिनियमचं आहे. टॉर्क पाना असेल तर १४ एमएम आट्याला २५-३० एनएम, १२ एमएमला १५-२०. पाना नसेल तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना अँटीसीझ लावायची सवय असेल तर सोडा, प्लेटिंग केलेल्या प्लगला ते लागत नाही आणि निसरडेपणामुळे टॉर्क जास्त बसतो. ढिला ठेवणं त्याहून वाईट, कारण प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडला जाते, ढिला राहिला तर एक नंबर थंड घेतलेला प्लग आत गरम प्लगसारखा वागतो आणि मग नॉकिंगचं कारण शोधत तुम्ही मॅप उलटापालटा करत बसता.

ट्यून आपला आपण करणाऱ्यांनी ऑइलही बघा, एपीआय एसपी ग्रेडचं घ्या, थेट इंजेक्शनवाल्या छोट्या टर्बोंमधे कमी आरपीएमला जे प्रीइग्निशन होतं त्याचा विचार त्या ग्रेडमधे केलाय. आणि पाचव्या गिअरला १५०० आरपीएमवरून घाटात फुल थ्रॉटल देऊ नका, गिअर टाका. तिथे प्लग कितीही चांगला असला तरी पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटायला एक धक्का पुरतो.

गॅप ०.६५, बूट नवे, विहिरी कोरड्या, कॉइल फिरवून तपासलेल्या, बॅटरी ठीक, पेट्रोल ठरलेलं, आणि तरीही टॉर्कच्या शिखरावर चारही सिलिंडर मिस मारत असतील तर आता कॉइलचा पूर्ण सेट बदला, चारही एकदम, मूळ कंपनीच्या नाहीतर त्याच इंजिनाच्या जास्त पॉवरवाल्या मॉडेलच्या बसत असतील तर त्या. तेवढ्यानेही नाही गेलं तर मॅपवाल्याला लॉग पाठवून त्या पट्ट्यातला बूस्ट दीड-दोन पीएसआयने कमी करायला सांगा आणि ती फाइल टाकून तोच रस्ता परत मारून बघा, गेलं तर कॉइलची हद्द कुठे आहे ते कळलं, आणि नाही गेलं तर कम्प्रेशन टेस्ट लावा.